आरामाची ड्यूटी

सिस्टरना आराम मिळावा म्हणून घरात तीन माणसं दिवसरात्र राबत होती, आणि त्या तिघांपुढे सिस्टर मेटाकुटीला आल्या होत्या.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डाच्या निवृत्त सिस्टर. चौतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्त होऊनही चौदा वर्षं लोटली, तरी गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. कुणाचा ताप उतरत नाही, कुणाच्या बोटात काच गेली, की माणूस थेट त्यांच्या दाराशी. एकट्या राहत होत्या आणि उत्तम राहत होत्या. वर्षभर हे मुलांना दुरून ठीक वाटे. थंडीच्या सुट्टीत आठ दिवस सगळे एकत्र आले, की मात्र त्यांना एकदम आईचं वय दिसे, आणि मग वर्षभराची काळजी आठ दिवसांत उरकून टाकायची घाई होई. त्यात या वर्षी उन्हाळ्यात सिस्टर मागच्या पायरीवरून घसरल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि ही बातमी मुलांना महिन्यानं शेजारणीकडून कळली. तेव्हा यंदाच्या काळजीला चांगलीच धार होती.

शनिवारी सगळे येऊन थडकले. थोरली लेक, जिला घरात सगळेच ताई म्हणत आणि जी शाळेत गणित शिकवायची. धाकटा मुलगा, जमिनीची मोजणी करणाऱ्या ऑफिसातला. त्याची बायको, म्हणजे सून, दातांची डॉक्टर. आणि सुनेची दोन मुलं, जी आल्या आल्या रजईत शिरली ती जेवायलाच बाहेर आली. रविवारी सकाळी सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या तर फ्रिजवर तक्ता चिकटवलेला. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत वेळा. सकाळी सात ते दोन, दोन ते रात्री नऊ, नऊ ते सकाळी सात. प्रत्येक चौकोनात कुणा ना कुणाचं नाव. वर ठळक अक्षरात, 'आई'.

"हे काय?" सिस्टरनी विचारलं.

"तुझीच पद्धत," धाकटा खुशीत म्हणाला. "आमच्या लहानपणी दूध कोण आणणार, भांडी कोण घासणार, सगळं तक्त्यावर असायचं की नाही? आता तुझी पाळी. तू बसायचं. आम्ही ड्यूटी करायची."

पद्धत त्यांचीच होती. नवरा गेल्यावर दोन पोरं, पाळ्यांची नोकरी आणि घर हे सगळं सिस्टरनी तक्त्याच्या जोरावरच ओढलं होतं. ड्यूटी संपली तरी पुढच्याला 'ओव्हर' दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा वॉर्डातला नियम त्यांनी घरातही लावला होता. ओव्हर म्हणजे, माझ्या वेळात काय झालं, काय राहिलं, कशाकडे लक्ष ठेवायचं, हे पुढच्या माणसाला तोंडी सांगून मगच घरी जायचं. पोरांनी ते इतकं छान उचललं होतं की आता रोज दुपारी दोनच्या ठोक्याला सिस्टरच्या डोक्यावरून ओव्हर चाले.

"चहा दोनदा. टोस्ट अर्धा टाकला. पाठ दुखत नाही म्हणते, पण उठताना हात टेकते. दुपारची गोळी दिली."

"फिरायला?"

"फाटकापर्यंत. पुढे नाही जाऊ दिलं, धुकं होतं."

आणि हे सगळं सिस्टर समोर खुर्चीत बसलेल्या असताना. आयुष्यभर त्यांनी खाटेवरच्या बायकांच्या डोक्यावरून असंच बोलणं केलं होतं. खालच्या बाईला तेव्हा काय वाटत असेल, हे त्यांना आता बहात्तराव्या वर्षी समजत होतं. हातातलं लोकरीचं विणकाम काढून घेतलं गेलं, मनगटाला ताण नको. चाकू काढून घेतला गेला. पायात सुनेनं आणलेले लोकरीचे जाडजूड बूट आले, त्यात चालताना धड पाय उचलेना. फोनही गेला. गल्लीतली माणसं दिवसभर ब्लडप्रेशर विचारायला फोन करतात हे पाहून ताईनं तो आपल्या पर्समध्ये टाकला. "सुट्टीत फोनलाही सुट्टी," म्हणाली. रात्री ताई त्यांच्याच खोलीत झोपे आणि सिस्टर खोकल्या की उठून दिवा लावी. एवढी सेवा पेशंटलासुद्धा सोसत नाही, ही तर धडधाकट बाई.

तरी सिस्टरनी हे सगळं निमूट सोसलं असतं. आठ दिवसांचा तर प्रश्न. पोरं प्रेमानं करतात, करू द्यावं. पण आठ दिवसांत एक गुरुवार येत होता, आणि त्या गुरुवारी सिस्टरना मेट्रनकडे जायचं होतं.

मेट्रन म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरवरची सिस्टर. तेवीस वर्षं त्यांनी तिच्या हाताखाली काढली होती. आता ती ब्याऐंशी वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. नवरा नाही, मूल नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या माणसांचं एक घर होतं, तिथे पुतण्यानं ठेवलं होतं. दर गुरुवारी दुपारी सिस्टर बसनं जात, तिची नखं कापत, केस विंचरत, जुन्या स्टाफच्या बातम्या सांगत. मेट्रन डाव्या हातानं गादीखाली खोचलेला चादरीचा कोपरा चाचपून बघे आणि सैल असला तर उपसून काढी. मग सिस्टरनी तो पुन्हा घालायचा. ब्याऐंशीव्या वर्षी, अर्ध्या अंगानं, बाई तेवढीच खडूस होती.

आणि या शुक्रवारी पुतण्या तिला कायमची आपल्या गावी नेणार होता. पाच तासांचा रस्ता. तेव्हा हा गुरुवार शेवटचा. आठ महिने दर गुरुवारी सिस्टर एक वाक्य मनात घेऊन जात आणि तसंच परत आणत. या गुरुवारी ते बोलून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. "गुरुवारी दुपारी मला जरा बाहेर जायचंय."

"कुठे?"

"मेट्रनकडे."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग धाकट्यानं पाठ ताठ केली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि नाकातून आवाज काढला, "सिस्टर, हा कोपरा म्हणायचा की गाठोडं?"

सगळे खो खो हसले. ताईनं नि धाकट्यानं मेट्रनला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण सुनेलाही ती नक्कल पाठ होती. घरात पाहुणे आले की ती व्हायचीच. आणि ती नक्कल शिकवली कुणी? सिस्टरनी. ड्यूटीवरून येऊन चपला काढता काढता त्या मुलांना आज मेट्रननं काय केलं ते सांगत. सगळ्यांदेखत कशी झापली, कॅपची पिन वाकडी म्हणून कशी परत पाठवली, तापलेल्या बाईच्या पायाशी बसून दोन घास खात होते तर ताट कसं उचललं. रंगवून सांगत. पोरं डोळे मोठे करून ऐकत. कधी सांगता सांगता रडूही येई, मग पोरं गळ्यात पडत. बापाविना घरात एक दुष्ट माणूस तयार झाला होता आणि त्याच्याविरुद्ध तिघं एक झाले होते. त्या दिवसांत त्याचा आधारच होता म्हणायचा.

"त्या बाईसाठी तू सुट्टीतला दिवस घालवणार?" ताई आता हसत नव्हती. "जिच्यामुळे तू रडत घरी यायचीस?"

"ती शुक्रवारी जातेय. कायमची."

"बरं झालं. सुटलीस."

"मला जायचंय," सिस्टर म्हणाल्या.

"आई, तुम्हाला वाईट वाटतंय कारण तुम्ही मनानं चांगल्या आहात," सून समजुतीनं म्हणाली. दातांच्या डॉक्टरांना ही सवयच असते, तोंडात बोट घालून गोड बोलायचं. "पण अशा माणसांना भेटून आपल्यालाच त्रास होतो. त्यात धुकं, थंडी, दोन बस बदलायच्या."

"एकच बस आहे."

"सूप घे आई, गार होतंय," धाकटा म्हणाला, आणि विषय संपला.

सोमवारी सिस्टरनी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा कुटुंबाचा फोटो काढायचा होता. "आई, हस. दात दिसू देत." मंगळवारी त्या ताईच्या मागे लागल्या, तर ताई म्हणाली, "अजून तेच? आई, मी एवढ्या लांबून तुझ्यासाठी आले. तुला माझ्याबरोबर बसायला नको, त्या बाईबरोबर बसायला हवं." आता याला काय उत्तर? एक उत्तर होतं, आणि तेच सिस्टरच्या घशात सदतीस वर्षं अडकलेलं होतं.

ताई सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि त्याच्या आजारपणात सिस्टरची सगळी रजा संपली होती. मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन पोरं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, पण रात्री डोळ्यांत तेल घालून बघा. सिस्टर रात्रपाळीत होत्या. धाकटा चार वर्षांचा. न सांगता गैरहजर राहिल्या तर नोकरी जाणार आणि नोकरी गेली तर खाणार काय. त्या मेट्रनच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मेट्रननं मान वर न करता ऐकलं आणि हजेरीपट पुढे सरकवला. "सह्या करा. अकरा रात्रींच्या. आणि हे घरीसुद्धा बोलायचं नाही."

दिवसभर मेट्रनची स्वतःची ड्यूटी असे. ती संपली की ती बायकांच्या वॉर्डात सिस्टरच्या जागी उभी राही, सकाळपर्यंत. अकरा रात्री. कागदावर सिस्टर, वॉर्डात मेट्रन. कुणी चुगली केली असती तर सिस्टरला एक वेळ दया दाखवली असती. मेट्रनला कुणी दाखवली नसती, तिच्या वाईटावर सगळा दवाखाना टपलेला.

बाराव्या दिवशी सिस्टर कामावर गेल्या, आणि मेट्रननं सगळ्या स्टाफसमोर त्यांनी घातलेली चादर उपसून टाकली. कोपरा सैल होता. रडवलं अगदी. आणि त्या संध्याकाळी घरी येऊन सिस्टरनी मुलांना काय सांगितलं? चादरीचं.

अकरा रात्रींचं सांगायचं नव्हतं, कारण नोकरी जाण्याची भीती होती. पुढे मेट्रन निवृत्त झाली, भीती गेली, तरी सांगितलं नाही. का? तर ताईला वाटत होतं की आईनं नोकरीची पर्वा न करता तिच्यासाठी रजा काढली, आणि सिस्टरनी तिला तसं वाटू दिलं होतं. फुकटचं श्रेय एकदा पदरात पडलं की ते सोडवत नाही माणसाला. आणि ही दुसऱ्या कुणाची चूक होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सिस्टर मंगळवारी रात्रभर कुशी बदलत राहिल्या आणि ताई दर वेळी उठून दिवा लावत राहिली.

बुधवारी मात्र तक्ता त्यांच्या मदतीला आला.

गुरुवारी दुपारी दोनपासून सुनेची ड्यूटी होती. पण मुलांनी सिनेमाचा हट्ट धरला, म्हणून तिनं ताईला विचारलं आणि ताई हो म्हणाली. हे स्वयंपाकघरात झालं. तासाभरानं ताईच्या वर्गमैत्रिणीचा फोन आला, उद्या दुपारी भेटू या. ताईनं धाकट्याला विचारलं, "उद्या दुपारी तू बघशील ना आईकडे?" धाकटा तेव्हा हीटर उघडून बसला होता. तोंडात स्क्रू होते. "हं," म्हणाला, पण ऐकलं काहीच नव्हतं. हे बाहेरच्या खोलीत झालं. तक्त्यावर कुणीच काही खोडलं नाही, कुणीच काही लिहिलं नाही. घर एवढंसं. सिस्टर मधल्या खोलीत आराम करत होत्या, त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं.

ड्यूटी बदलली तर तक्त्यावर लिहायचं, तोंडी व्यवहार नाही, हे त्यांनी या पोरांना मारून मारून शिकवलं होतं. असल्या तोंडी अदलाबदलीतून वॉर्डात भोक कसं पडतं ते त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. सुनेला वाटणार ताई आहे, ताईला वाटणार धाकटा आहे, आणि धाकट्याला त्याच्या बायकोनं सांगितलेलं की ताई आहे. दोन ते जवळजवळ सहा, कुणीच नाही. एरवी सिस्टरनी तिघांना समोर उभं करून झाडलं असतं. या वेळी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी एकला सून मुलांना घेऊन गेली. दीडला ताई मागच्या दारानं गेली. दोनला धाकट्यानं खोलीत डोकावून पाहिलं, सिस्टर डोळे मिटून पडलेल्या. न्हाणीघरात बादलीत नळ सोडलेला होता. त्या आवाजाच्या दिशेनं तो म्हणाला, "ताई, आई झोपलीय, मी हीटरचं सामान घेऊन येतो," आणि नळाचा आवाज हेच उत्तर समजून निघून गेला. नळ सिस्टरनीच सोडला होता.

पाचव्या मिनिटाला त्या रस्त्यावर होत्या. लोकरीचे बूट पलंगाखाली, पायात स्वतःचे जुने बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत नेलकटर, कंगवा आणि दोन संत्री. बहात्तर वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरातून चोरासारखं निघावं लागावं, याची चीड त्यांना कोपऱ्यापर्यंत पुरली. पुढे मात्र बरं वाटू लागलं. थंडी नाकाला झोंबत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा त्या फाटकापलीकडे गेल्या होत्या. बस वेळेवर आली, खिडकीशी जागा मिळाली, आणि कंडक्टरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज गुरुवार का?"

बसमध्ये त्यांनी वाक्य पुन्हा जुळवून पाहिलं. लांबलचक नकोच. मेट्रनला लांबण लावलेली खपत नसे. 'मेट्रन, त्या अकरा रात्री तुम्ही उभ्या राहिलात म्हणून माझी पोर जगली आणि माझी नोकरी राहिली. मी कधी बोलले नाही. आज बोलते.' एवढंच. तिला उत्तर देता येणार नव्हतंच. चादरीचा कोपरा उपसला असता फार तर.

म्हाताऱ्यांच्या घरात दुपारची सामसूम होती. सिस्टर नेहमीच्या खोलीत शिरल्या. खिडकीशेजारची खाट मोकळी होती. गादी दुमडून उभी केलेली, रेक्झिन फिनाइलनं पुसलेलं, अजून ओलं. अशी खाट सिस्टरनी हजार वेळा पाहिली होती आणि स्वतःच्या हातांनी पुसली होती. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, तुम्ही कशा आज?" खोलीवरची मावशी बादली घेऊन आत आली आणि त्यांचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही, तसलं काही नाही. बऱ्या आहेत त्या. पुतण्या घेऊन गेला सकाळी. त्याला सुट्टी एक दिवस आधी मिळाली ना."

"पण उद्या जायचं होतं."

"मंगळवारीच बदललं. तुमच्या फोनवर कळवलं होतं की आम्ही. तुमच्या मुलीनं घेतला. भेटायचं असेल तर गुरुवारी सकाळी दहाच्या आत या, असं सांगितलं. हो हो, सांगते म्हणाल्या."

मावशी बादली खाली ठेवून बोलत राहिली. "जायला तयारच होईनात बघा. नऊपासून तिथे दाराशी खुर्चीत बसवलं होतं. गाडी आली तर दाराची कडी एका हातानं धरून ठेवलेली, सोडेनात. सारखा हात बाहेर रस्त्याकडे करायच्या. आम्हाला वाटलं, बाथरूमला जायचंय. तीन वेळा नेलं. पुतण्या चिडला शेवटी. साडेदहाला बोटं सोडवली आणि उचलून गाडीत ठेवलं."

"नखं वाढली होती का?" सिस्टरनी विचारलं.

"अं? वाढली असतील. तुम्हीच कापता ना."

संत्री त्यांनी मावशीला दिली. परतीची बस उशिरा आली. घर येईपर्यंत सिस्टरनी ताईला काय काय सुनवायचं ते सगळं तयार केलं. तू कोण ठरवणार. माझा फोन, माझा निरोप, माझं माणूस. मी पेशंट आहे का तुझी. पेशंटचाही निरोप दाबून ठेवत नाहीत. शब्द जसे जमत गेले तसा राग उलट वाढतच गेला, आणि गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती.

फाटकात सगळे उभे होते. धाकटा स्कूटरवरून तीन चकरा मारून आला होता. सुनेनं दोन दवाखान्यांत फोन लावून चौकशी केली होती. दोघं एकमेकांना "तुझी ड्यूटी होती" म्हणत होते. ताई रडत होती आणि सिस्टर दिसताच ओरडली, "कुठे गेली होतीस? जीव जायची वेळ आली आमच्यावर. फोन नाही, काही नाही."

"फोन तुझ्याकडे आहे," सिस्टर म्हणाल्या. "मंगळवारी त्याच्यावर एक निरोप आला होता."

ताईचं रडणं थांबलं. तिनं भावाकडे पाहिलं, मग खाली. "हो. आला होता. मुद्दामच नाही सांगितला. मला वाटलं, ती निघून गेली की तू आपोआप विसरशील. त्या बाईसाठी तू पुन्हा रडावंस असं मला वाटत नव्हतं. लहानपणी मी काही करू शकत नव्हते, आई. आता करू शकत होते म्हणून केलं."

सिस्टर ओसरीच्या पायरीवर बसल्या. बसमध्ये जुळवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. सुरुवात करायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेल्या.

"तुला टायफॉइड झाला होता, आठवतंय?"

"त्याचं काय आता?"

"मला रजा नव्हती. एक दिवससुद्धा शिल्लक नव्हती." आणि मग त्यांनी सांगितलं. हजेरीपट, सह्या, दिवसाची ड्यूटी करून रात्री वॉर्डात उभी राहिलेली बाई. बाराव्या दिवशीची चादर सगळ्यांना ठाऊक होती, ती त्यांनी पुन्हा सांगितली नाही. आज सकाळी तिनं दाराची कडी कशी धरून ठेवली, तेही सांगितलं. सिस्टरचं बोलणं पाच दिवसांत पहिल्यांदा कुणी मध्ये तोडलं नाही. धाकटा स्कूटरच्या आरशाशी चाळा करत उभा राहिला. सून मुलांना आत घेऊन गेली.

"मी सगळ्यांना सांगते ते," ताई म्हणाली. "शाळेत कुणी मूल आजारी म्हणून रजा मागायला आलं आणि हेडबाई कुरकुरल्या, की मी सांगते. माझ्या आईनं माझ्यासाठी अकरा रात्री नोकरी पणाला लावली होती, असं सांगते."

"पणाला लावली होती," सिस्टर म्हणाल्या. "पण मी नाही. तिनं."

ताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिनं पर्समधून फोन काढला, म्हाताऱ्यांच्या घराचा नंबर शोधला, पुतण्याचा नंबर मागून घेतला आणि लावला. पलीकडून घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?" फोन कानाला धरूनच तिनं विचारलं.

सिस्टरना लेकीवर रागवायचं होतं, आणि तो राग खराच होता, सगळा न्यायाचा होता. पण चादरीची गोष्ट या घरात त्यांनी शंभर वेळा सांगितली होती आणि ही एकदाही नाही. लेकीनं जी बाई आईच्या वाऱ्याला उभी राहू दिली नाही, ती बाई लेकीला आईनंच दिली होती.

पलीकडे घंटी वाजून बंद झाली. ताईनं तिसऱ्यांदा नंबर लावला.